खारं पाणी

"रगत पेलं ना? आता खारं पानी पे."

असं म्हणत मावशी बकरीच्या कानातली टम्म फुगलेली गोचीड चिमटीत धरायच्या, उपटायच्या आणि मिठाच्या पाण्याच्या डब्यात टाकायच्या. एखादी निसटलीच तर नखावर नख ठेवून चिरडायच्या. फट् आवाज यायचा. शी! लिहितानाही अंगावर काटा आला.

मोर्शीला आमच्या घराला लागून त्यांचा भाजीचा मळा. मी शाळेत शिकवून दुपारी घरी यायची, आणि नेमका तोच त्यांचा गोचिडी काढायचा वेळ. त्याच हातांनी कुंपणावरून कोथिंबिरीची जुडी पुढे करायच्या. मी ती तीनदा धुवायची. एकदा तर सरळ उकिरड्यावर फेकली. मी तोंड वाकडं करून "छी" म्हटलं की त्या हसायच्या. "बाईले काई सोसत नाई," म्हणायच्या. तुम्ही तिथे असता तर तुम्हीही हेच केलं असतं, उगाच मला नावं ठेवू नका.

एकदा माझ्याच मानेला गोचीड चिकटली. मी अंगणात नुसता थयथयाट केला. मावशींनी मला पाटावर बसवलं आणि अगदी हळू, सरळ ओढून ती काढली. डोकं आत राहिलं तर पिकतं, म्हणून उन्हात धरून ती अख्खी आहे का तेही पाहिलं. आभार मानायचे सोडून मी मोरीवर ओकायला पळाले.

गेल्या पावसाळ्यानंतर त्यांना ताप भरला. डोकं ठणकायचं, तळहातांवर आणि तळपायांवर लाल ठिपके उठले. सून माहेरी गेलेली, म्हणून मीच त्यांना ऑटोत घालून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी दोनदा विचारलं, काही चावलंय का, अंगावर कुठे खूण आहे का. मावशींनी आधी माझ्याकडे पाहिलं. मग "नाई" म्हणाल्या. बकऱ्यांचं मी तरी सांगायला हवं होतं. पण चार लोकांत गोचिडीचं नाव काढायचीसुद्धा मला किळस! डॉक्टरांनी साध्या तापाच्या गोळ्या दिल्या आणि आम्ही घरी आलो.

चौथ्या दिवशी त्यांना अमरावतीला हलवलं. तिथे लुगडं बदलताना नर्सला कमरेशी, निऱ्या खोचतात तिथे, एक काळी खपली दिसली. गोचीड चावल्याची. ताप त्या चाव्याचाच निघाला. औषध लगेच बदललं, पण तोवर किडन्या बसल्या होत्या. मावशी शुद्धीवर होत्या. मी चिडूनच विचारलं, डॉक्टर एवढे विचारत होते तेव्हा का नाही सांगितलं?

"तुमच्यासमोर कसं सांगू, बाई? तुमी पुन्हा छी म्हनसान."

दोन दिवसांनी त्या गेल्या.

सुनेने बकऱ्या विकून टाकल्या. एक म्हातारी बकरी कोणी घेईना, ती माझ्या दारात आहे. दुपारी मी हातमोजे चढवते, डब्यात मीठ कालवते आणि तिचा कान उलटा करून बसते. त्यांच्यासारखं भराभर जमत नाही. किळस तर अजूनही पोटातून येते. "छी" तोंडाशी आलं की मी ओठ घट्ट मिटून घेते.