पदरातल्या शेंगा
लातूरहून नांदेडला निघालेल्या एसटीत माझ्या शेजारी एक मावशी पदरात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी कॉलेजात माझा सेमिनार होता. फळ घडवणारी जनुकं मुळात पान घडवणाऱ्या जनुकांतून कशी आली, हा विषय. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. पाठ सगळं होतं, पण समजावून सांगता येत नव्हतं.

"लेकरा, कवापासून काय पुटपुटायलास?" मावशींनी विचारलं. मी चाचरत विषय सांगितला.

त्यांनी अंगठ्यानं एक शेंग एका बाजूनं उघडली आणि तळहातावर सपाट केली. मधोमध शीर होती, दोन्ही कडांना दाणे चिकटलेले.

"पानच हाय की हे, मिटलेलं. येवढ्यासाठी कॉलेजात जातूस व्हय?"

त्या हसल्या. मला मात्र त्यांचा राग आला. मी महिनाभर पुस्तकं उपसली होती, आणि त्यांना ते सोलता सोलता दिसलं होतं.

सेमिनारमध्ये मी तशीच शेंग उघडली आणि त्यांचंच वाक्य बोललो. सरांनी विचारलं, "हे कुठं वाचलंस?"

"मलाच सुचलं, सर."

टाळ्या मला मिळाल्या. हेवा मात्र अजून मावशींचाच वाटतो.