ढगाळ दिवसाची पुडी

माझी विहीण, सुनेची आई, मला ओळखेना. भर दुपारी खाटेवर बसून ओकत होती, कळशीभर पाणी पिऊन पुन्हा पाणी मागत होती, आणि मला धान रोवणीची बाई समजून चिखलाच्या बांधीत उतर म्हणत होती. माझ्या मुलाने तिला गाडीत घातलं. मूल गावापासून चंद्रपूरच्या दवाखान्यापर्यंत तिने मला आळशी म्हणून कामावरून काढलं आणि पुन्हा ठेवलं. तिला रक्ताचा कॅन्सर आहे. तोच उसळला असं आम्हाला वाटलं.

अशी अतिशहाणी बाई आमच्या झाडीपट्टीत दुसरी नसेल. आम्ही दोघी एकाच घरात राहतो. ऊन नाही म्हणून एकदा तिने माझी ओली उशी तव्यावर शेकली. आतला कापूस पेटला, तर म्हणाली, "वाळली त खरी." पाहुण्याच्या ताटात वाढताना तर ती आपलं ताट विसरते.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईने रक्त तपासलं. कॅल्शियम भलतंच वाढलेलं. मग पुड्यांचं निघालं. नागपूरच्या कॅन्सरच्या डॉक्टरांनी व्हिटॅमिन डी कमी म्हणून आठवड्याला एक पुडी दिली होती, आणि ते उन्हातूनही मिळतं असं सांगितलं होतं. विहिणीने ऊन तेवढं लक्षात ठेवलं. उघाड असली की ओट्यावर बसायचं, आभाळ असलं की पुडी घ्यायची. आमच्याकडे आषाढ-श्रावणात आभाळ हटतं कधी? संपल्या की ही दुकानातून आणखी आणायची. कॅल्शियम चढलं होतं ते या पुड्यांनी, कॅन्सरने नव्हे.

पुड्या बंद झाल्या, सलाइन लागलं. शुद्धीवर आली तशी भांडायलाच लागली.

"ऊनच नाई त काय करू, बाई? मले जगायचं हाय ना."

डॉक्टरीणबाईने हसू दाबत विचारलं, घरात आणखी कुणी घेतली का? विहिणीने माझ्याकडे पाहिलं.

"या इहीनबाईले देतो ना अर्धी. च्यात टाकून. गुडघे धरून बसून राह्यते बिचारी."

मी खुर्चीतून उठलेच. लगेच माझंही रक्त काढलं. माझंही कॅल्शियम थोडं चढलेलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाली, ती अर्धी तुमच्या पोटात गेली नसती तर यांचं कठीण होतं.

जिच्यावर आपण जगतो असं तिला वाटत होतं, त्या पुडीतली अर्धी ती मला पाजत होती. यावरून मी तिला घरी येईपर्यंत झापलं. ती गाडीच्या खिडकीतून धान बघत राहिली.

तिचा कॅन्सर आहे तसाच आहे, औषध चालू आहे. त्या पावसाळ्यातून ती वाचली. मीही वाचले.