गाडीवाचून लक्ष्मी रोड

लग्न झाल्यापासून लक्ष्मी रोडवर मी एकही साडी निवांत घेतलेली नाही. आमच्या ह्यांनी दुकानासमोर स्कूटर लावायची, गाड्या उचलून नेणारे येतात का म्हणून तिच्याशेजारी पहारा द्यायचा आणि मी आत पळायचं. "आटप" एवढाच निरोप. रंग निवडायला वेळ नाही, म्हणून कुठेही चालेल अशी समोरची राखाडी साडी उचलून मी बाहेर. माझं कपाट त्यामुळे राखाडी झालंय.

यंदा लेकीचं लग्न ठरलं आणि त्याच सुमारास पेपरात आलं, एक दिवस लक्ष्मी रोड गाड्यांना बंद. मी जाहीर केलं, त्याच दिवशी जायचं, बसनं जायचं आणि लग्नात नेसायची माझी साडी दोघांनी मिळून निवडायची.

"रस्ताच बंद, तर जायचं कशाला?" हे म्हणाले.

मी वाद घातला नाही. विश्रांतवाडीहून बसमध्ये बसवलंच.

रस्त्याच्या मधोमध चालताना आधी चोरट्यासारखं वाटलं. मग मान वर झाली. दुकानांच्या पाट्यांच्या वरच्या मजल्यांना लाकडी गॅलऱ्या आहेत, हे मला या वयात कळलं. एक बाई भर चौकात उभी राहून कुल्फी खात होती आणि तिला कुणी काही बोलत नव्हतं. मला फार आनंद झाला.

दुकानात गादीवर बसले, मागे बघते तर हे नाहीत. काचेतून दिसले. फुटपाथच्या कडेला, नेहमीच्या जागी, रस्त्यावर नजर ठेवून उभे. राखायला गाडी नव्हती, तरी राखत होते.

दुकानदारानं चष्म्यावरून पाहिलं. "साहेब आत येणार आहेत, की त्यांनाही बाहेरच पार्क केलंय?"

मी तडक बाहेर गेले. "अहो, स्कूटर घरी आहे."

हे ओशाळले. "सवय गं. तू घे ना, मला काय कळतंय त्यातलं?"

एरवी मी परत फिरले असते. "लेक दोघांची आहे. तुम्ही आत आल्याशिवाय साडी घेणार नाही," म्हटलं आणि तिथेच उभी राहिले. हॉर्न मारून हाकलायला मागे कुणी नव्हतं.

शेवटी आले. गादीच्या काठावर टेकले. माझा हात सवयीनं राखाडीकडे गेला.

"ती नको," हे म्हणाले. "तुला डाळिंबी शोभतो."

मी हात मागे घेतला. "इतकी वर्षं सांगितलं का नाही मग?"

"कधी सांगणार? मी बाहेर असायचो."

डोळे भरून आले. मी पदरानं पुसले आणि दुकानदाराला म्हटलं, "डाळिंबी काढा. असतील तेवढ्या सगळ्या."