शून्याचा रकाना

रकाना क्रमांक सातमध्ये मी शून्य लिहिलं, खाली सही केली, शिक्का मारला आणि चहा मागवला. फॉर्म भरायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

तो फॉर्म आकृतिबंधाचा होता. आकृतिबंध म्हणजे कुठल्या ऑफिसात कुठल्या हुद्द्याची किती माणसं असावीत, याचा सरकारी तक्ता. आमचं खातं रोजगाराचं. बेकार मुलामुलींची नावं नोंदवायची, कंपन्यांना यादी पाठवायची, मेळावे घ्यायचे. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत माझी निम्मी नोकरी गेली. त्यातल्या कुठल्या ऑफिसची ही गोष्ट ते सांगत नाही. चूक ऑफिसची नव्हती, माझी होती.

रकाना सातमध्ये विचारलं होतं, ‘कार्यालयीन लॉगिनमधून झालेल्या नोंदण्या’. नियम सरळ होता. ठरावीक नोंदण्यांमागे एक लिपिक. नोंदण्या नसतील तर लिपिकाचं पद रद्द, माणूस अतिरिक्त. अतिरिक्त माणसाला जिथं जागा रिकामी असेल तिथं पाठवतात. त्याला समायोजन असा गोड शब्द आहे.

शून्य लिहिताना मला वाईट वाटलं नव्हतं. उलट छाती फुगली होती. नोंदणी ऑनलाइन झाल्यापासून आमच्याकडचे उमेदवार आपापली नावं स्वतः नोंदवत होते, निदान कॉम्प्युटर तसं सांगत होता. पुण्याच्या आढावा बैठकीत मी त्यावर पीपीटी दाखवली होती. आमच्या विभागाच्या साहेबांनी बाकीच्या जिल्ह्यांना सुनावलं, यांच्याकडून शिका जरा, आणि माझ्या गळ्यात हार घातला. येताना गाडीत मी तो हार पायाशी ठेवून झोपलो होतो.

चार महिन्यांनी यादी आली. अतिरिक्त पदांत आमचं लिपिकाचं एकमेव पद होतं आणि त्यावर बसत होत्या कुंदाताई. खरं नाव वेगळं. रहिमतपूरच्या. रोज जाऊन-येऊन नोकरी करायच्या. नवरा फौजेतून परतला आणि दोन वर्षांत अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळला. दुपारचं जेवण शेजारीण भरवायची, सकाळ-संध्याकाळचं सगळं बाई करायच्या. रात्री घरी पोचता येईल अशी नोकरी, एवढीच त्यांची मागणी असायची. समायोजन आलं होतं पालघरला.

पत्र मीच त्यांच्या हातात दिलं. त्यांनी उभ्या-उभ्या वाचलं. सोबत माझ्या फॉर्मची झेरॉक्स होती, तीही वाचली.

“साहेब, ह्ये शून्य कुणी लिवलं?”

मी म्हणालो, सिस्टीममध्ये तेच दिसतंय.

“आवं, मग मी दिवसभर करते काय?”

त्या रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. नोंदणीच्या खिडकीमागच्या आपल्या जागेवर गेल्या आणि पुढच्या माणसाला बोलावलं. मी त्यांच्या मागं खुर्ची टाकून बसलो. अकरा वर्षं साहेब असून त्या खिडकीजवळ पहिल्यांदा बसलो, हे लिहितानाही लाज वाटते.

समोर एक माजी सैनिक होता, त्याला सिक्युरिटीची नोकरी हवी होती. कुंदाताईंनी ऑफिसचं लॉगिन उघडलंच नाही. ‘उमेदवार’ या बटणावर गेल्या, त्याच्याच मोबाईलवर ओटीपी मागवला, त्याच्याकडून आकडे वदवून घेतले, फोटो काढला, कागद चढवले. पासवर्ड त्याच्या वहीत मोठ्या अक्षरांत लिहून दिला. पाऊण तास गेला. मग आयटीआयच्या दोन मुली, मग एक विधवा बाई. कॉम्प्युटरच्या लेखी या सगळ्यांनी स्वतःच नोंदणी केली होती.

ऑफिसच्या लॉगिनमधून का करत नाही, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, तिथनं केलं की माणसाचा मोबाईल जोडला जात न्हाई. मग कंपनीचा मेसेज त्याला जातच न्हाई, पोरं वाट बघत बसत्यात.

बरोबर होतं. आणि मला हे माहीत नव्हतं.

“मला सांगितलं का नाही कधी?”

“तुमी इचारलं न्हाई.”

दुसऱ्या दिवशी मी पुण्याला साहेबांना फोन लावला. रकाना सात दुरुस्त करायचाय म्हणालो. लिपिकाचं काम आहे, खूप आहे, पण ते उमेदवारांच्या नावावर चढतंय, असं समजावून सांगितलं. साहेब शांतपणे ऐकून घेत होते.

“तुम्हीच पीपीटी दाखवलीत ना, सगळे स्वतः नोंदवतात म्हणून? मी ती मंत्रालयात दाखवलीय. मग खोटं तेव्हा बोललात की आता?”

यावर एकच उत्तर होतं. साहेब, तेव्हा. अज्ञानानं का होईना, पण तेव्हा. एवढं म्हणायला एक श्वास पुरला असता. पण त्याच महिन्यात माझ्या प्रमोशनची फाईल त्यांच्या टेबलावर होती. मी म्हणालो, “तपासून कळवतो, सर.” आणि कळवलं नाही.

कुंदाताईंनी आठवडाभर वाट पाहिली. मग स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला. तीन महिन्यांच्या नोटिशीत त्यांनी एकही रजा घेतली नाही. शेवटच्या दिवशी नारळ आणि शाल दिली, मी भाषणही केलं. त्यांच्या प्रामाणिक सेवेबद्दल बोललो. त्या खाली बघून ऐकत होत्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण भाषण मी पूर्ण केलं, हेही खरं.

खिडकीवर नंतर एक पाटी लागली, नोंदणी फक्त ऑनलाइन. लोक पाटी वाचायचे आणि परत जायचे.

दोन महिन्यांनी साहेबांचा फोन आला. “तुमच्याकडची स्वयंनोंदणी एकदम आटली. उमेदवारांना झालं काय?”

“साहेब, ते सगळे उमेदवार म्हणजे एकच बाई होत्या. त्यांनी व्हीआरएस घेतली.”

साहेब म्हणाले, “हे रिपोर्टात लिहू नका.”

मी लिहिलं नाही. प्रमोशन झालं. नव्या ऑफिसात गेल्यावर पहिले आठ दिवस मी प्रत्येकाच्या टेबलाशेजारी खुर्ची टाकून बसलो आणि मगच कुठल्याही फॉर्मवर सही केली. निवृत्त होईपर्यंत ती सवय मोडली नाही. चांगली सवय आहे, नव्या अधिकाऱ्यांनी जरूर लावून घ्यावी. कुंदाताईंना तिचा काही उपयोग झाला नाही.