होरीचा हिरवा रंग

करंजाडेहून सकाळची पहिली बस पकडली तेव्हा मांडीवर कॉलेजचा कॅमेरा होता आणि तो आपल्याला झेपेल का, ही धाकधूक होती. आमच्या फोटोग्राफी क्लबच्या कपाटात दोन कॅमेरे आहेत. एकाचा सेन्सर, म्हणजे आतला उजेड टिपणारा भाग, लहान. तो तयार फोटो हातात देतो. दुसरा नवा, मोठ्या सेन्सरचा. क्लब सांभाळणारा प्रथमेशदादा म्हणाला होता, "धुक्यात चाललीस ना? मग मोठा सेन्सर घे, अंधारातलंपण दिसतं. आणि रॉमध्ये काढ. रॉ म्हणजे कच्ची फाइल. रंग कॅमेरा ठरवत नाही, नंतर आपण ठरवायचा."

आपण ठरवायचा, हे ऐकून मी लगेच हो म्हणाले. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. ठरवायची फारशी सवय नाही.

साताऱ्याकडच्या आमच्या माणसांना नवी मुंबई म्हणजे वाशीचा बाजार वाटतो, कारण बाबा तिथे माथाडी आहेत. त्यांच्यासाठी मुद्दाम सांगते: सीवूड्सला उतरून मॉलच्या मागे चालत गेलं की उंच इमारती संपतात आणि एकदम खाडी लागते. त्या दिवशी पाणी आणि आभाळ यांच्यामध्ये रेघच नव्हती. तिवरं (खारफुटीची झाडं) हवेत लटकल्यासारखी दिसत होती. कुठूनतरी वल्ह्याचा आवाज येई, पण माणूस दिसत नसे. मी हळू चालत होते, तरी डावी चप्पल चिखलात रुतलीच. वाकून ती ओढत असताना मागून कोणीतरी म्हणालं, "र्‍हाऊ दे गो बाय, खाडीला एक देऊन टाक."

ते धर्मा नाखवा. नाखवा म्हणजे होडीचा मालक. काठाला त्यांची हिरवी होरी (होडी) उभी होती. गुडघे साथ देत नाहीत म्हणून त्यांनी ती उरणकडच्या एकाला विकली होती आणि भरतीला ती जाणार होती.

"फोनात फोटो हायेत," ते म्हणाले, "पन सगल्यांत मानसं पुढं, होरी मागं. तू तिचा एकटीचा काढ. रंग बरोबर आला पायजे. तो मी सोता बनवलेला हाय."

मी बावीस फोटो काढले. मग भरती आली. होरी धुक्यात शिरली आणि आधी तिचा रंग गेला, नंतर ती. नाखवा बराच वेळ तिकडेच बघत राहिले. त्यांच्या बायकोने, हिराबाईंनी, मला घरी नेऊन तांदळाची भाकरी आणि जवळा (वाळवलेली बारीक कोळंबी) वाढला. "पुढच्या शनिवारी फोटो आणते," असं मी कबूल केलं.

दुपारी घरी जुना लॅपटॉप उघडला. त्यातल्या सॉफ्टवेअरला नव्या कॅमेऱ्याच्या फाइली ओळखताच येईनात. मग दुसरं एक सॉफ्टवेअर उतरवून सगळ्या फाइली आधी बदलून घेतल्या. लॅपटॉप इतका तापला की आईने त्याखाली पोळपाट ठेवला. शेवटी फोटो उघडला आणि माझा चेहरा पडला. सगळं राखाडी, निस्तेज. पडद्यावर एक पट्टी असते, ती एकीकडे सरकवली की फोटो निळसर होतो, दुसरीकडे पिवळसर. मी सरकवत गेले आणि होरी दर वेळी वेगळीच व्हायला लागली. प्रत्येक रंग खरा वाटे.

बाबा मागे येऊन उभे राहिले. "कुठल्या रंगाची होती?"

"हिरवी."

"हिरवी कुठली? वाटाण्याची, कैरीची का दुधीची?"

मला सांगता येईना. इतका मोठा सेन्सर घेऊन गेले होते, आणि मी स्वतः नीट पाहिलंच नव्हतं. नाखव्यांच्या फोनातल्या फोटोंत होरी माणसांमागे झाकलेली, आणि खरी होरी तर गेलीच होती.

शनिवारी लॅपटॉप घेऊन पुन्हा गेले. धुकं तसंच होतं. ओसरीवर बसून घाबरतच सांगितलं, "नाखवा, रंग मला आठवत नाही."

ते रागावले नाहीत. म्हणाले, "त्याला काय? उरलेला रंग आम्ही फेकतो काय? दाराला लावतो."

मी गल्लीकडे पाहिलं. एक दार निळं, एक नारिंगी, एक पिवळ्या पट्ट्यांचं. ज्याची जशी होरी तसं त्याचं दार. पण नाखव्यांचं दार फिकट, पांढुरकं झालं होतं.

"पुढचा उन्हानं खाल्ला," हिराबाई म्हणाल्या. "पाठचा बघ."

पाठीमागे रंग ताजा होता, पण घरातल्या ट्यूबलाइटखाली तो निळसर मारत होता. मी चाचरत म्हटलं की बाहेरचा उजेड हवा. नाखव्यांनी क्षणभर विचार केला आणि बिजागरीची खीळ काढली. आम्ही तिघांनी दार उचललं.

गल्लीतून एक बाई ओरडली, "काय गो हिरे, घर इकलंस काय?"

"नाय गो. दाराचं लगीन हाय, फोटो काढाया नेतो."

जिथे होरी उभी असायची तिथेच चिखलात दार उभं केलं. पाठ खाडीच्या उजेडाकडे. पडद्यावर चकाकी येऊ नये म्हणून हिराबाईंनी मासळीची टोपली आडवी धरली. लॅपटॉप तिच्यात ठेवून मी पट्टी सरकवायला लागले. नाखवा एकदा दाराकडे बघत, एकदा टोपलीत.

"निली झाली. आता पिवली. जरा मागं. आनखी जरा..."

माझं बोट थांबलं. मग वाकून त्यांनी पडद्यावरच्या नाळेला, होरीच्या पुढच्या टोकाला, बोट लावलं.

"आता हात लावू नको," ते हळूच म्हणाले. "नायतर परत बदलंल."

मी फोटो साठवला. वाशीला छापून घेऊन संध्याकाळी त्यांच्या हातात दिला आणि परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसले. बाहेर दिवे लागत होते, आणि पहिल्यांदाच मी प्रत्येकाचा पिवळा वेगळा पाहत होते. कच्ची फाइल अजून माझ्याकडे आहे. तिच्यातून अजूनही कितीतरी रंगांच्या होऱ्या निघतील. मी ती उघडलेली नाही.