शेवंताबाईंनी माझी नदी झाकली

मंडळी, आज सकाळी चंद्रपूरजवळ वर्धा नदीच्या काठावर वॉटरकलर करत बसले होते. कोळशाच्या ट्रकांचा पूल, खाली डोंग्यातून जाळं टाकणारे ढिवर, मागे चिमण्यांचा धूर. नदीचा निळा रंग नुकताच दिला होता, कागद अजून ओला होता.

शेजारी त्या ढिवरांपैकीच एक, शेवंताबाई, मासोळ्या वाळत घालत होत्या. पुलावर ट्रकांची रांग लागली की त्या मासोळ्यांवर जुन्या पातळाचं फडकं पसरायच्या. कोळशाची धूळ बसू नये म्हणून.

मी डब्यातलं पाणी बदलायला खाली गेले. परत येते तर फडकं माझ्या चित्रावर!

"अवो बाई, रंग ओला आहे ना त्याचा!" मी ओरडलेच.

"मंग? ट्रक येऊन राह्यले, दिसत नाई? उघडं काऊन ठेवलं वं पोरी? सारी धूळ बसली असती."

मी फडकं उचललं आणि भांडायचं विसरूनच गेले. नदीवर पातळाची वीण उमटली होती, अगदी बारीक लाटांसारखी. असं पाणी मला ब्रशने कधीच जमलं नाही. फडक्यालाही माझी निळी नदी लागली होती, उलटी.

शेवंताबाईंनी ती बाजू वर केली आणि फडकं परत मासोळ्यांवर टाकलं.

चित्र घरी आणलंय. त्यावर धुळीचा एक कण नाही. पण फडक्यावरच्या नदीवर आतापर्यंत कोळसा बसला असेल.

तुम्हीच सांगा, आपल्या वर्धेचं खरं चित्र यातलं कुठलं?