मान डोलावण्याचे शॉट

नागपुरात टीव्ही आला, त्यानंतर दोनेक वर्षांनी मला मुलाखती घ्यायला बोलावणं आलं. मी तेव्हा एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवत होते. उच्चार स्वच्छ होते आणि मोठ्या माणसांसमोर मी अडखळत नसे, एवढ्यावर निवड झाली. कार्यक्रम अर्ध्या तासाचा. चित्रीकरण इथे व्हायचं, टेप मुंबईला जायची आणि आठ-दहा दिवसांनी सगळ्या महाराष्ट्रात दिसायची. दुसरी वाहिनीच नव्हती. जे लागेल ते सगळे बघत.

आमचं घर महाल भागाच्या पलीकडे, विणकरांच्या गल्लीत. वडील तरुणपणी उमरेडहून इथे आले आणि सुती, रेशीमकाठी साड्या विणत राहिले. त्यांच्या सुताला रंग देणारे चाचा दोन गल्ल्या सोडून राहत. मुसलमान रंगारी. कोपरापर्यंत हात कायम रंगलेले, कधी निळे, कधी डाळिंबी. लहानपणी मी वडिलांबरोबर सुताच्या लडी घेऊन जायची, तेव्हा ते ओलं बोट माझ्या कपाळाला टेकवून म्हणायचे, "अब ये पक्की हो गयी." घरी जाऊन आई घासून घासून तो डाग काढायची.

ज्या पुढाऱ्याबद्दल हे लिहिते आहे, त्याला मी पहिल्यांदा महालातल्या एका चौकात ऐकलं. हातगाडीवर उभा राहून तो बोलत होता. समोर तीस-चाळीस माणसं, त्यातली निम्मी रस्ता मोकळा व्हायची वाट बघणारी. मुसलमानांबद्दल तो जे बोलला ते मी घरी जाऊन आईला सांगू शकले नाही. यांना शहराबाहेर काढा, हे त्यातलं सगळ्यात सौम्य वाक्य. निवडणुकीला उभा राहिला तेव्हा त्याचं डिपॉझिट जप्त झालं होतं. आम्ही शिकलेली माणसं त्याला हसायचो.

आमचा निर्माता तरुण आणि सज्जन होता. एक दिवस तो म्हणाला, "मॅडम, याला बोलवू या. लोकांना खरा चेहरा दिसू दे. तुम्ही प्रश्न विचारलेत की तो उघडा पडेल."

मला ते पटलं. खरं सांगायचं तर मला गुदगुल्या झाल्या. आठ दिवस मी तयारी केली. त्याची चौकातली भाषणं ज्यांनी ऐकली होती त्यांना गाठून वाक्यं जशीच्या तशी उतरवून घेतली. आरशासमोर प्रश्न म्हणून बघितले. वडील मागावरून विचारायचे, "कोणाशी बोलून राहिली वं?" मी हसून सांगायची, "येणाऱ्या पाहुण्याशी."

तो आला तो इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात. कॅमेरामनपासून चहावाल्यापर्यंत प्रत्येकाला नमस्कार. मेकअपच्या खुर्चीत बसल्या बसल्या मला म्हणाला, "ताई, वडील उमरेडचे ना तुमचे? खड्ड्यात पाय सोडून अजून मागावर बसतात म्हणे. या वयात." मी त्याला कधी भेटले नव्हते.

कॅमेरा सुरू झाला. मी पहिल्याच प्रश्नात त्याचं चौकातलं वाक्य त्याला वाचून दाखवलं. तो जरासा हसला.

"ताई, चौकात माणूस तापतो. तिथलं बोलणं तिथं सोडून द्यावं. तुम्ही शिकलेल्या आहात, तुमच्याशी मी शिकलेल्यासारखं बोलतो."

मी दुसरं वाक्य वाचलं. त्यानं ते आठवतच नाही म्हणून सांगितलं आणि मग आपणहून विणकरांकडे वळला. माग कसे बंद पडताहेत, पोरं कशी खाणीत आणि गिरणीत जाताहेत. त्यात खोटं काही नव्हतं. आमच्याच गल्लीतलं होतं. आवाज इतका हळू की मला पुढे झुकावं लागलं.

"मी कोणाचं नाव घेत नाही," तो म्हणाला. "मी फक्त विचारतो. सूत आपलं, माग आपला, हात आपले. मग रंग कोणाच्या हातचा?"

माझ्याकडे उत्तर होतं. माग पॉवरलूमनं मारले, मोठ्या गिरण्यांनी मारले, रंगाऱ्याचा यात काय संबंध, असं विचारायचं होतं. पण कॅमेऱ्याशेजारून निर्मात्यानं दोन बोटं दाखवली. दोन मिनिटं उरली होती आणि शेवटचा प्रश्न ठरलेला होता. मी तो विचारला. आभार मानले.

तो गेल्यावर कॅमेरामन म्हणाला, "मॅडम, आता तुमचे." आमच्याकडे कॅमेरा एकच. त्यामुळे पाहुण्यांचं बोलणं संपलं की मुलाखत घेणाऱ्याचे शॉट वेगळे घ्यायचे: ऐकताना, मान डोलावताना. संकलनात ते मध्ये मध्ये जोडत. रिकाम्या खुर्चीकडे बघून मी मान डोलावली. "थोडं हसा," तो म्हणाला. मी हसले.

कार्यक्रम लागला त्या संध्याकाळी विणकर सोसायटीच्या अध्यक्षांच्या घरी गल्ली जमली होती, कारण टीव्ही त्यांच्याकडेच होता. वडील पुढे सतरंजीवर, मी मागे बायकांत. माझं नाव पडद्यावर आलं तेव्हा दोघीतिघींनी माझा हात दाबला. चौकातली वाक्यं वाचून दाखवलेला भाग लागलाच नाही. मुंबईत कोणीतरी तो कापला होता. भाषा घरात ऐकण्यासारखी नाही, असं कारण नंतर कळलं. उरला तो पांढऱ्या सदऱ्यातला हळू बोलणारा, विणकरांची काळजी असलेला माणूस.

"मग रंग कोणाच्या हातचा?"

आणि लगेच पडद्यावर मी. मान डोलावणारी. हसरी.

मग अध्यक्ष म्हणाले, "बराबर बोलून राहिला गा तो." दोन-तीन माना हलल्या. वडिलांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं. घरी आल्यावर उंबऱ्यात चपला काढताना म्हणाले, "तू काहून गेली होती वं त्याच्यासंगं बसाले?"

मी शॉटचं सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "मले समजलं," ते म्हणाले. "गल्लीले कोण सांगंल?"

पुढच्या काही आठवड्यांत ते वाक्य मी सीताबर्डीत कापडाच्या दुकानात ऐकलं, बसमध्ये ऐकलं, एकदा तर स्टाफरूममध्ये ऐकलं. म्हणणारी माणसं वाईट नव्हती. चौकातली वाक्यं त्यांनी कधी तोंडात घेतली नसती. हे घेता येत होतं. पुढाऱ्याच्या सभेच्या भित्तिपत्रकांवर आता त्याच्या नावाआधी 'टीव्हीवर गाजलेले' असं छापलेलं असे. हातगाडी गेली, मंडप आला. मीही एकदा लांबून बघून आले. बसायला जागा नव्हती.

चाचांकडे जाणाऱ्या लडी कमी होत गेल्या. एकानं सांगितलं, पुडीचा रंग आणून घरीच करतो. दुसऱ्यानं काही सांगितलंच नाही. वडील मात्र जात राहिले. एका सकाळी ते लवकर परत आले, लडी तशाच हातात.

"रातच्याले कोणं तरी रंगाच्या हौदात चुना टाकला," ते म्हणाले. "समदं सूत गेलं."

मी तशीच निघाले. चाचा हौदाच्या कडेला उकिडवे बसले होते. पाण्यावर पांढुरकी साय धरली होती आणि तळाशी गुलाबी लडी गोळा होऊन पडल्या होत्या. मी म्हटलं, पोलिसांत जाऊ. त्यांनी नकार दिला. मग मी त्यांनाही तेच सांगू लागले: कॅमेरा एकच होता, खुर्ची रिकामी होती, मी त्याच्या बोलण्यावर मान डोलावली नव्हती.

"होगा बेटी," ते म्हणाले. "हमको तो साथ में दिखा."

मग त्यांनीच आतून माझ्यासाठी चहा मागवला.

दुसऱ्या दिवशी मी निर्मात्याकडे गेले. पुढच्या भागात खुलासा द्या म्हटलं, कापलेली वाक्यं दाखवा. तो अस्वस्थ झाला, पण त्याच्या टेबलावर पत्रांचा ढीग होता आणि त्याचा हात त्या ढिगावरून हलत नव्हता. "मॅडम, इतकी पत्रं आपल्याला कधी आली नव्हती. लोकांना तो हवाय. आणि आपण दोन्ही बाजू दिल्या ना? प्रश्न तुमचे होते." त्या पुढाऱ्याला पुन्हा बोलवायचं ठरत होतं. मी कार्यक्रम सोडला. पुढच्या वेळी माझ्या जागी दुसरी कोणी होती. तिनं चौकातलं काही विचारलं नाही. तोवर ते कोणाला आठवतही नव्हतं.

मी वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. ते छापून आलं, चार ओळींचं, वाचकांच्या पत्रांत पाणीटंचाईच्या खाली.

नंतरच्या निवडणुकीत तो निवडून आला. निकालानंतर आठवड्याभरात भर दुपारी आमच्या दारात उभा राहिला, गळ्यात हार, मागे पाच-सहा जण. वडील मागावर होते. तो आत येऊन मागाच्या खड्ड्याशी, त्यांच्या पायांकडे वाकला.

"काका, तुमच्या लेकीमुळं मी घराघरात पोचलो. आशीर्वाद घ्यायला आलो."

वडिलांनी खड्ड्यातले पाय मागे घेतले आणि सुताचा धोटा धाग्यांमधून पलीकडे फेकला. माग सुरू झाला. खट-खट, खट-खट. तो पुन्हा बोलला, ऐकू आलं नाही. त्यानं आवाज चढवला. वडील विणतच राहिले. मग तो चौकातल्या आवाजात बोलला, मी पूर्वी ऐकलेल्या त्या आवाजात.

"म्हातारबा, तुम्ही अजून त्या लांड्याकडंच रंगवता, माहीत आहे आम्हाला! गल्लीत राहायचं ना?"

वडिलांनी माग थांबवला नाही, वर बघितलं नाही. मग त्यानं चेहरा सरळ केला, मला हात जोडले आणि तो बाहेर पडला. मी दारापर्यंत गेले. त्याच्याबरोबरचा एक जण आमच्या घराचा क्रमांक बघून घेत होता.

महिनाभरात चाचा कामठीला मुलीकडे राहायला गेले. सामान टांग्यात चढवायला वडील आणि मी गेलो, गल्लीतलं तिसरं कोणी आलं नाही. त्यानंतर वडिलांनी अंगणात पातेल्यात स्वतः रंगवायचा प्रयत्न केला. निळा बरा यायचा. डाळिंबी कधीच जमला नाही. पहिल्या धुण्यात उतरायचा. दोन वर्षांनी त्यांनी माग काढून टाकला. विचारणाऱ्यांना ते डोळ्यांचं कारण सांगत.